एका दिवसाची चूक

ऑर्झेला पिकेट या काळ्या सुईणीनं अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या आपल्या तालुक्यात सहाशेवर पोरं जगात आणली होती, काळी आणि गोरीही. पण मतदार यादीत स्वतःचं नाव आणायला तिला जमेना. अर्जात आपलं वय वर्षं, महिने, दिवस असं बिनचूक लिहायचं असे. एका दिवसाची चूक झाली की अर्ज नापास.

पहिल्या खेपेला नोंदणी अधिकारी क्लायड हार्गिस म्हणाला, "मावशी, आजचा दिवस धरायचा राहिला की!"

दुसऱ्या खेपेला तिनं तो धरला. "आजचा दिवस अजून संपलाय कुठे?" असं म्हणून त्यानं दात काढले.

एकाहत्तराव्या वर्षी बाईनं खेपा घालायच्या तरी किती? तिनं सरळ केंद्र सरकारच्या कोर्टात दावा ठोकला. तो फेटाळला गेला तर पुढच्या निवडणुकीला आपण असू की नाही, हीच तिला धास्ती. मरायच्या आधी एकदा तरी मत द्यायचं होतं.

कोर्टात तिचे वकील ॲमोस टर्नर यांनी क्लायडपुढे कोरा कागद सरकवला. "हार्गिससाहेब, आजच्या तारखेला तुमचं वय लिहा बघू."

क्लायडनं पेन्सिल चावली, बोटं मोजली, घाम पुसला. पाच मिनिटांनी वकिलांनी वाचलं, "पंचेचाळीस वर्षं, तीन महिने, बारा दिवस."

"अकरा!" बाकावरून ऑर्झेला ओरडली. "रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी आलाय हा, माझ्या वहीत लिहिलंय. याच्या बापाला धीर कुठला! संध्याकाळीच बाटली उघडून बसला, आणि शुद्धीवर आल्यावर नोंदसुद्धा आदल्या दिवसाची करून आला!"

कोर्टात खसखस पिकली. जज्जांनी हातोडा आपटला, पण हसू त्यांनाही लपवता येईना.

"मग हार्गिस, तुम्ही स्वतः पास कसे झालात?" जज्जांनी विचारलं.

"माझी... माझी परीक्षा कुणी घेतलीच नाही, साहेब."

जज्जांनी गोऱ्यांचे अर्ज मागवले. एकानं वयापुढे नुसतं 'चाळिशीच्या आसपास' असं खरडलं होतं. तो पास! मग निकालाला फार वेळ लागला नाही. परीक्षा बंद, आणि ऑर्झेलाचं नाव यादीत.

सोमवारी क्लायडनं रजिस्टर उघडलं आणि हळूच विचारलं, "मावशी, खरंच मी आदल्या दिवशीचा नाही?"

"नाहीस बाबा. कुठे सही करू ते सांग."

तिनं एकेक अक्षर जपून काढलं. सही झाली आणि तिला रडूच कोसळलं. एक थेंब शाईवर पडला. क्लायड टिपकागद घेऊन पुढे सरसावला, तशी तिनं त्याचा हात बाजूला सारला आणि थेंब स्वतःच टिपला. आपल्या नावाला ती त्याला हात लावू देणार नव्हती.