अकरा मिनिटं

हॉस्पिटलात मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान शाबूत आहेत. वीस वर्षं नर्स म्हणून काढली, मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा वरच्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर एक खुर्ची दिली, एक कॉम्प्युटर दिला आणि सांगितलं, आता मोजा. काय मोजायचं, तर इमर्जन्सीत आलेल्या माणसाला डॉक्टर किती मिनिटांत बघतो ते. पहिल्या महिन्याची सरासरी निघाली बावन्न मिनिटं. तेवढ्यात माणूस घरी जाऊन आंघोळ करून परत येईल. मी पडले तापट. त्या दिवशी मी सगळ्यांना धारेवर धरलं, इमर्जन्सीच्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा सोडलं नाही.

त्यानंतर मी नियम केला. दर सोमवारी प्रत्येक पाळीचा आकडा भिंतीवर लागणार, आणि ज्या पाळीचा आकडा अकराच्या वर जाईल तिने मला लेखी कारण द्यायचं. अकराच का? कारण दहा म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं असतं. दीड वर्ष डोळ्यांत तेल घालून बसले मी त्या आकड्यावर. बावन्नाचे चाळीस झाले, चाळिसाचे पंचवीस, आणि या वर्षी सलग चार महिने अकराच्या आत. बाहेर पोर्चमध्ये नातेवाइकांची गर्दी व्हायची म्हणून बाक मागवले, दोन पंखे लावून घेतले, पाण्याचं पिंप ठेवलं. तेही मीच.

घरी या अकरा मिनिटांचं कौतुक कुणाला नव्हतं, एका दादाला सोडून. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म गेला त्याचा, मुलांना परीक्षानळ्या धुऊन देण्यात आणि पाणी किती मिनिटांत उकळतं ते टिपून ठेवण्यात. निवृत्त झाला तरी खिशात पेन्सिल आणि कागद असायचाच. कोण किती वाजता आलं, बस किती उशिरा आली, सगळं लिहिणार. वहिनी म्हणायची, यांना यमराज न्यायला आला तरी त्याची वेळ टिपतील. आम्ही हसायचो.

मागच्या रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले होते. मी आकडा सांगितला तसा तो म्हणाला, "धाकटे, एकदा येऊन बघतोच तुझी अकरा मिनिटं खरी का खोटी."

मला राग आला. मी म्हटलं, "बघायला ये, पण आजारी पडून नको. आणि आलास तर माझं नाव सांगून आत घुसायचं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असलं माझ्या खात्यात चालत नाही. सगळ्यांसारखं बसायचं."

"बसेन की," दादा म्हणाला. "मला कुठे घाई आहे."

मंगळवारी पाहणीचे लोक येणार होते. दोघं जण, एक उंच, एक ठेंगणा, दोघांकडे जाड वह्या. त्यांनी चांगलं लिहिलं तर आमची पद्धत इतर हॉस्पिटलांना दाखवणार होते. मी नवी साडी नेसले होते, खोटं कशाला बोलू. दहाला चहा झाला आणि पावणेअकराच्या सुमाराला मोठे डॉक्टर आणि मी त्यांना पोर्चमधून इमर्जन्सीकडे घेऊन निघालो.

आणि बाकावर दादा बसलेला दिसला.

पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, हातात कागद. माझ्याकडे बघून त्याने पेन्सिल जरा वर केली. मला वाटलं, बघा, खरंच आला माझा तमाशा बघायला. मनातून बरंही वाटलं. पण पाहुण्यांसमोर भाऊ वगैरे म्हणत बसले असते तर ओळखीचं माणूस बोलावून बसवलंय असं त्यांना वाटायचं. म्हणून मी हातानेच खूण केली, बस, येते मी थोड्या वेळात. त्याने मान हलवली. त्याचा चेहरा ओला दिसत होता. पंखा चालू असून याला एवढा घाम कसा, हे मनात आलं, आणि तेवढ्यात उंच साहेबांनी खाटांबद्दल काहीतरी विचारलं. मी उत्तर देत पुढे गेले. नर्स होते मी वीस वर्षं. घाम कशाचा असतो ते मला कळायला हवं होतं.

वर मीटिंगच्या खोलीत मी मोठ्या पडद्यावर आमची चालू यादी लावली. खाली नोंद झाली की वर ओळ उमटते: नाव, वय, नोंदीची वेळ, डॉक्टरने बघितल्याची वेळ. मी अभिमानाने एकेक ओळ दाखवत होते. सात मिनिटं. नऊ मिनिटं. आठ.

मग नवी ओळ आली. वय चौसष्ट. नोंद अकरा वाजून चार. डॉक्टर अकरा वाजून सहा.

"दोन मिनिटं," उंच साहेब म्हणाले. "वा, कमाल आहे."

मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल म्हणून वयही पुन्हा वाचलं. मग तसाच हातातला रिमोट घेऊन मी जिना उतरले. लिफ्टची वाट बघायचं सुचलंच नाही, आणि गुडघे दुखल्याचंही आठवत नाही.

दादाचा पांढरा शर्ट कात्रीने कापलेला होता. तरुण डॉक्टरणीचे दोन्ही हात त्याच्या छातीवर, ती आकडे मोजत दाबत होती. मी पायांशी उभी राहिले. डोकं सवयीने भिंतीवरचं घड्याळ बघत होतं. अकरा-बावन्नला तिने हात काढले.

"हार्ट अटॅक होता, मोठा," ती म्हणाली. "सकाळपासूनच दुखत असणार. थोडे आधी आले असते तर बहुतेक वाचवता आले असते."

मला रडू आलं नाही. मी इतकी हादरले होते की रडणं सुचत नव्हतं. मी सरळ नोंदणीच्या खिडकीशी गेले. तिथली नोंदणीवाली चांगली पोरगी, कामात चोख, माझी लाडकी. तिच्यासमोर एक छोटी टोपली होती आणि टोपलीत कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर नाव आणि वय, हाताने लिहिलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बाहेर बसलेले पेशंट, मॅडम. आत डॉक्टर मोकळे व्हायला आले की एकेक नाव कॉम्प्युटरवर घालायचं. आधीच घातलं तर अकराच्या वर जातं ना."

"कधीपासून?"

"तुमचा नियम आला तेव्हापासून. हळूहळू सगळ्याच पाळ्या असंच करायला लागल्या. त्यासाठीच तर तुम्ही बाक दिलेत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन जागेवरच होती. मी खिडकीचा कट्टा धरून उभी होते आणि ती पोरगी बोलत होती. "या काकांनी थोडी जळजळ होतेय म्हणून सांगितलं. थोडीच म्हणाले, मॅडम. मी म्हटलं बसा. मग एकदम बाकावरून खालीच पडले, तेव्हा मी पटकन नाव घातलं." तिचा आवाज बारीक झाला. "तुमचे कोण होते का?"

दीड वर्ष मी तिसऱ्या मजल्यावरून मिनिटं मोजत होते. एकदाही खाली येऊन त्या बाकावर बसले नव्हते. बसले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बावन्न मिनिटं कुठे गेलीच नव्हती, मीच त्यांना पंख्याखाली बसवलं होतं.

आतल्या नर्सने मला दादाची पिशवी, घड्याळ आणि चष्मा आणून दिला. आणि तो कागद. औषधाच्या पावतीची मागची बाजू, त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षर. मी तिथेच उभ्याने वाचला, मग जिना चढून वर गेले आणि पाहणीच्या लोकांसमोर टेबलावर ठेवला. मागोमाग मोठे डॉक्टर आले. त्यांना खाली सगळं कळलं होतं.

"बाई, तुम्ही घरी जा," ते हळूच म्हणाले. "दुःखाची वेळ आहे. यावर आपण नंतर बोलू. आकडा काय पळून जाणार आहे?"

"घरी जाऊन वहिनीला काय सांगू?" मी म्हटलं. "दोन मिनिटांत बघितलं म्हणून सांगू?"

उंच साहेबांनी चष्मा लावला, कागद उचलला आणि हळू आवाजात वाचायला लागले.

"नऊ-वीस, पोचलो. नाव दिलं. बसा म्हणाल्या. नऊ-पन्नास, जबडा दुखतोय. पुन्हा विचारलं, बसा म्हणाल्या. पंखा चांगला आहे. दहा-पंधरा, डावा हात जड. बाजूच्या बाई माझ्याआधी आल्यात, त्याही बसल्यात. धाकटीची अकरा मिनिटं कुठून मोजतात ते विचारायला हवं." ते थांबले, कागद जरा जवळ धरला. "दहा-बेचाळीस, धाकटी दिसली. पाहुणे आहेत बरोबर. छान दिसते. बस म्हणाली."

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"ही धाकटी कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आणि त्या पडद्यावरचे दोन खोडा. नऊ-वीस ते अकरा-सहा, एकशे सहा मिनिटं होतात. तसं लिहून घ्या."