गाडीला पाणी पाजणारी बाई

मित्रांनो, हातोडी पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा धर्म. आज मात्र आपणहून बोलतो. मी रुळाचा एक जुना, हातभर लांबीचा तुकडा. माझे भाऊबंद गाडीखाली कामाला लागले. मला भोक पाडून स्टेशनच्या छपराला टांगलं आणि लोक घंटा म्हणू लागले.

एक ठोका म्हणजे गाडी येतेय. दोन म्हणजे डब्यात चढा. तीन म्हणजे निघाली. रेल्वेची नवी नवलाई होती तेव्हा. लोक चपला फलाटावर काढून डब्यात चढायचे, तिकिटाची घासाघीस करायचे, "थांबा हो, आमचे मामा यायचेत!" म्हणून गाडीलाच दटावायचे. तक्रारवहीत काय वाट्टेल ते लिहायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी गाडीतून एक बाई तांब्या घेऊन उतरली. आत तिची सहा वर्षांची लेक तापाने फणफणली होती, पाणी पाणी करत होती.

"दादा, वेळ आहे ना?" तिने घंटेवाल्याला विचारलं.

"आहे ताई. दोन ठोके ऐकलेत की धावत या."

ती हौदाकडे वळली. तेवढ्यात पहिल्या वर्गातल्या मोठ्या साहेबांनी खिडकीतून घड्याळ दाखवलं. स्टेशनमास्तरांची पाचावर धारण बसली. "दे तीन!"

"मास्तर, दोन ठोके राहिलेत. एक बाई पाण्याला..."

"मास्तर तू की मी?"

हातोडी पडली आणि मी वाजलो. गाडी सुटताना दारांना बाहेरून कुलपं लावायची तेव्हाची रीत; गार्डने तीही लावली होती. "थांबवा हो, पोर आत आहे!" बाई ओरडत होती, शिटीपुढे तिचा आवाज कुठला ऐकू जायला? लोकांना दिसली ती तांब्या घेऊन गाडीमागे पळणारी बाई. कोणीतरी म्हणालं, "इंजिनाला पाणी पाजायला निघाली वाटतं!" सगळा फलाट खो खो हसला.

पुढचं स्टेशन गाडीने दोन तासांवर होतं. बाई रुळांवरून चालत गेली. तिसऱ्या दिवशी परतली ती एकटीच.

तिने एका कारकुनाकडून वहीत लिहून घेतलं: 'दोन ठोके झाले नाहीत.' मास्तरांनी खाली शेरा मारला: 'घंटा नियमाप्रमाणे झाली. बाई बेसावध.' घंटेवाल्याला साक्षीला बोलावलं. त्याच्या घरी खाणारी सात तोंडं. तो मान खाली घालून म्हणाला, "झाले होते." मी तिथेच लटकत होतो, मुका.

आता मी संग्रहालयात आहे. शेजारी पाटी आहे: 'जुन्या प्रवासातल्या गमती'. तिच्यावर तांब्यावाल्या बाईचं चित्र आहे. तुम्ही येता, पोट धरून हसता आणि जाता जाता मला बडवून जाता.

माझी निगा राखा म्हणून मी गयावया करणार नाही. मेला गंज चढला तर चढला. फक्त हसण्याआधी विचारा, त्या तांब्यातलं पाणी कुणासाठी होतं? आणि मला वाजवायचंच असेल, तर एकदा नीट दोन ठोके द्या. तेवढे राहिलेत.