कागदाची लाज

नगरच्या एका दवाखान्यात पूजाचं काम सरळ होतं. डॉक्टर केसपेपरवर जो आजार लिहितील त्याला विम्याचा कोड द्यायचा आणि ऑपरेशनच्या खर्चासाठी फाईल विमा कंपनीच्या मंजुरीला पाठवायची. डोळ्यांना काहीही दिसो, कागदावर नसेल तर कोड नाही. नियम म्हणजे नियम, बाई!

आणि डॉक्टर महेंद्र म्हणजे देवमाणूस. इतका, की पेशंटला लागेल असा शब्द त्यांच्या पेनातून उतरतच नसे. राहुरीची सायली ब्लाऊज शिवायची. जन्मापासून हाडांची वाढ खुंटलेली. आता मणक्यात नसा दबून तिचे पाय बधिर होत चालले होते. मशीनचं पायडल पायाखाली आहे की नाही, ते वाकून बघावं लागे. ऑपरेशन लांबलं तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरच म्हणाले होते. आणि कागदावर साहेबांनी काय लिहावं? 'उंची किंचित कमी. पाठदुखी.'

पाठदुखीला ऑपरेशन कशाला, असं विचारून फाईल परत आली. आता घ्या!

पूजा कपाळावर हात मारून तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. समोर सायली बसलेलीच.

"सर, आजाराचं पूर्ण नाव लिहा ना. जन्मजात आहे, तेही लिहा."

डॉक्टर चुळबुळले. "अगं, तिच्यासमोर कशाला? नंतर बघू."

पूजाचीही जीभ अडखळली. तिलाही ते नाव सायलीच्या तोंडावर घेववेना.

सायलीला हसूच फुटलं. "आरशाला म्हाईत हाय, गावाला म्हाईत हाय, तुमच्या कागदालाच तेवढी लाज व्हय? लिवा डॉक्टरसाहेब, अकॉन्ड्रोप्लेजिया! कूर्चेचं हाड नीट बनत न्हाई, जन्मापासून. तोंडपाठ हाय मला. आन् 'किंचित' कशाला? किंचित कमी तर तुमी हाय!"

डॉक्टर जेमतेम सव्वापाच फूट. कानापर्यंत लाल झाले, पण लिहिलं, तेही टपोऱ्या अक्षरात. पूजाने तिथेच उभ्याने कोड टाकला. या खेपेला मंजुरी आली.

ऑपरेशन होऊन काही महिने गेले आणि सायलीचा फोन आला.

"ताई, पायडल गार लागतंय पायाला! आज वाकून न्हाई बघितलं."

पूजाला भर ऑफिसात रडू कोसळलं. इतका आनंद तिला स्वतःच्या पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

"आवं, रडता काय? डॉक्टरसाहेबांचं माप धाडा. त्यांना शर्ट शिवते," सायली म्हणाली. "कापड किंचितच लागंल."