दुसऱ्यांदा आलेला फॅक्स

चौकीतलं फॅक्स मशीन पक्कं लबाड होतं. फोनची लाइन खरखरली आणि चित्राच्या काही रेघा बिघडल्या, की त्यांच्या जागी ते वरचीच रेघ पुन्हा पुन्हा छापून मोकळं व्हायचं. हवालदार महेशला हे ठाऊक होतं. पण नवसाबाईपुढे कागद धरताना नेमकं तेच आठवलं नाही.

तिची लेक निफाडला द्राक्षं खुडायला गेली, ती परतलीच नव्हती. नाशिकच्या दवाखान्यातून एका बेवारस पोरीच्या मृतदेहाचा फोटो आला होता. पाण्यात राहून चेहरा पार सुजलेला.

“ही माझी नाय,” नवसाबाई म्हणाली. “माझ्या पोरीच्या कपाळावर गोंदण हाय. हिचं कपाळ कोरं हाय.” ती डोळे पुसत, हसतच बाहेर पडली.

मग महेशला मघाची खरखर आठवली. त्याने तोच फोटो पुन्हा मागवला. या वेळी लाइन साफ होती. कपाळावर गोंदणाचे ठिपके स्वच्छ उमटले.

तो कागद घेऊन तसाच धावला. नवसाबाई समोरच्या दुकानातून गूळ घेऊन त्याच्याकडेच येत होती.

“सायेब, तोंड गोड करा.”

गूळ घ्यायला हात पुढे करावा, तर त्या हातात कागद होता.