सांडव्यातला दगड

छोटेलाल मालगुजाराने तो दगड सांडव्यात उभा केला, यावरूनच त्याची अक्कल कळते. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या वाटेने बाहेर पडतं, ती वाट म्हणजे सांडवा. पौषात तो कोरडा असतो, पायाला आयता खडक मिळतो आणि केशोरीच्या गाडीरस्त्यावरून तो नेमका दिसतो. गावच्या या जमीनदाराला एवढंच हवं होतं. अनावरणाला येणाऱ्या गोऱ्या साहेबाला गाडीतून उतरल्या उतरल्या दगड दिसावा आणि दगडाशेजारी रायसाहेबाचा किताब मिळवायला टपलेला छोटेलाल दिसावा.

सुकराम कोहळी अनावरणाला जाणारच नव्हता. या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, त्याच्या पणज्याने घातलेली. कोहळ्यांच्या पिढ्यान्पिढ्या तलाव बांधण्यातच गेल्या, तेव्हा सांडव्यात चौथरा बांधणाऱ्याचं तोंडही पाहू नये, असं त्याचं मत होतं. पण बायको धुरपताबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"पोराचा दगड हाय," ती म्हणाली. "मी जाऊन राहिली. तुमी बसा घरी."

मग तोही उठला.

साहेबाने पडदा ओढल्यावर शाळामास्तरने दगडावरचा मजकूर वाचून दाखवला. 'या गावातून नऊ जण महायुद्धास गेले. पैकी एकाने प्राण अर्पण केले.'

"एकानं म्हंजे कोनानं?" सुकरामने विचारलं.

"नाव घालायची पद्धत नाही," मास्तर म्हणाला. "वरून असाच मजकूर आला."

वरून! पोराला, खेमराजला, न्यायला आले होते तेव्हा मात्र त्याचं नाव, बापाचं नाव, उंची, छाती, गालावरचा तीळसुद्धा लिहून घेतला होता. नेताना माणूस अख्खा मोजून नेला आणि परत देताना नुसता 'एक' दिला.

आणि प्राण अर्पण म्हणे! खेमराजच्या हाती कोणी बंदूक दिलीच नव्हती. बसऱ्याला नेऊन त्याच्याकडून माती उकरून घेतली, तिथे ताप आला आणि तो गेला. छोटेलालने सरकारला नऊ माणसांचा शब्द दिला होता. त्याचे स्वतःचे दोन धडधाकट पोरगे नेमके तेव्हाच शेतीसाठी फार गरजेचे ठरले. सुकरामला मालगुजाराचा तिटकारा होता, पण त्याहून जास्त तिटकारा स्वतःचा होता. मालगुजाराच्या ओसरीवर हात जोडून उभं राहून, 'जा बाबू' असं पोराला त्यानेच म्हटलं होतं.

टाळ्या वाजून झाल्या. साहेबाने सोबतच्या दुभाष्या बाबूमार्फत विचारलं, बापाला काही बोलायचं आहे का? छोटेलालने डोळ्यांनी दटावलं. सुकराम पुढे झाला.

"साहेब, दगड इथून काढा. हे पान्याची वाट हाय. भादव्यात पानी इथून नाई गेलं तं पारीवरून जाईल. तलावाची पार फुटंल, खालचा सारा धान जाईल."

बाबूने घसा खाकरून चार वाक्यं इंग्रजीत सांगितली. साहेबाचे डोळे ओलावले. त्याने टोपी काढली आणि सुकरामचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. बाबूने काय सांगितलं असेल ते कळायला इंग्रजी यायची गरज नव्हती. सुकरामने घरी येऊन तो हात राखेने घासून धुतला.

त्या दिवसापासून धुरपताबाई रोज दगडाकडे जाऊ लागली. दगड धुवायची, कुंकू लावायची, ताटातला पहिला घास त्याच्यापुढे ठेवायची. खेमराजचं प्रेत आलं नव्हतं, आला होता नुसता कागद.

"दगडाले भात चारून राहिली," सुकराम कुत्सितपणे म्हणाला. "कायले? तो छोटेलालचा दगड हाय."

"माह्या पोरापाशी जाऊन बसाले तुमाले दुसरी जागा माहीत हाय का?"

त्यानंतर सुकरामने तिला कधी अडवलं नाही, पण तो स्वतः दगडाकडे गेलाही नाही.

भादव्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी सुकराम पाळीवर आला तेव्हा पाणी माथ्यापासून हातभर खाली होतं. बैलगाडीएवढ्या चौथऱ्याने अर्धा सांडवा अडवला होता आणि वाहून आलेला झाडोरा अडकून उरलेला अर्धाही बुजला होता. झाडोरा ओढावा तर मागून दुप्पट येत होता. गावातली माणसं फावडी घेऊन उभी होती आणि छोटेलाल छत्री घेऊन.

"सरकारी पत्थर है!" तो ओरडत होता. "हात लावाल तर जेलात जाल! पाळीवर माती टाका, माती!"

टोपलीभर मातीने तलाव थोपवणारा हा पहिलाच शहाणा. सुकरामने कोणाच्या तरी हातातली पहार घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून चौथऱ्यावर चढला.

तिथे धुरपताबाई आधीच दगडाला धरून उभी होती. दगडावर सकाळचं कुंकू पावसाने ओघळलं होतं. आठ महिने सुकराम या दगडावर मनातल्या मनात थुंकत आला होता, पण आता पहार त्याच्याने उचलवेना. मजकूर खोटा होता, जागा चुकली होती, पण त्याच्या बायकोने भात इथे ठेवला होता.

धुरपताबाईने पाळीखालच्या बांध्यांकडे, धानाच्या खाचरांकडे पाहिलं. धान पोटरीला आला होता. शेताला पाणी घ्यायची पाळी आली की खेमराज स्वतःची बांधी मागे ठेवून शेवटच्या टोकाची, विधवा रुख्माची बांधी आधी भरायचा. सुकराम त्यावरून त्याला किती शिव्या द्यायचा!

तिने दगडावरचा हात काढला.

"माह्या खेमराजनं कधी कोनाचं पानी अडवलं नाई," ती म्हणाली. "फोडा."

सुकरामने बायकोला आधी काठावर पोचवलं आणि मग पहार घातली. त्याचं पाहून आणखी चौघे उतरले. चौथऱ्याचा जोड उकलला तसे सगळे बाजूला झाले आणि पाण्याने दगड, झाडोरा, चौथरा सगळं एकदम ओढून नेलं. घटकाभरात पाळीला लागलेलं पाणी उतरू लागलं.

छोटेलाल काठावर थयथयाट करत होता. "रिपोर्ट लिखूँगा! एकेकाचं नाव साहेबाला लिहून धाडतो!"

धुरपताबाई लुगडं पिळत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"लिहा ना, मालगुजार," ती म्हणाली. "खेमराजच्या माय-बापानं फोडला, असं लिहा. दगडावर तुमाले त्याचं नाव लिहिता आलं नाई. कागदावर तं लिहा."