गुळव्याची नजर

नानासो कराडकडच्या गुऱ्हाळावरचे गुळवे, आणि तेही एक नंबरचे ताठ. उसाच्या रसाची काहील कधी उतरायची, हे बाकीचे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी वळून ठरवतात. नानासो नुसत्या रंगावर सांगायचे, "उतरा." चाळीस वर्षांत त्यांनी पाण्याच्या वाटीला बोट लावलं नव्हतं, आणि हे ते भेटेल त्याला ऐकवायचे.

यंदा मात्र दोन काहिली करपल्या. पिवळा कुठं संपला नि तांबूस कुठं सुरू झाला, ते त्यांना कळेना. नानासोंनी आधी बल्बला शिव्या घातल्या, मग उसाला, मग चष्म्याला. चष्मा दोनदा बदलला. "आणखी एक करपली तर मी काम सोडतो," ते बायकोला, बनुबाईंना म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

तिसऱ्या चष्म्यासाठी बनुबाई त्यांना सांगलीला घेऊन गेल्या. डोळे तपासणाऱ्या आम्रपालीनं काळी अक्षरं वाचून घेतली, ती नानासोंनी बिनचूक वाचली. मग फिकट करड्या अक्षरांचा तक्ता धरला, तिथं नानासो अडखळले.

"काका, मोतीबिंदू नाही, नंबरही बरोबर आहे. पण तुम्ही पापणी फार कमी मिटता. आत येताना डावा हात हलत नव्हता. वास येतो का?"

"वासाचं काय मधीच?"

"दोन वर्सं झाली, फोडणी करपली तरी बोलत न्हाईत," बनुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, सुधारले."

आम्रपालीनं मेंदूच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. त्यांनी चालवून पाहिलं, बोटं आपटून घेतली आणि सांगितलं, पार्किन्सन आहे; रंगातला फरक न कळणं, वास जाणं, हात न हलणं, सगळं त्याचंच. मुळापासून बरा होत नाही, पण लवकर सापडलाय. औषध आणि रोजच्या चालण्यावर पुष्कळ वर्षं काम करता येईल. नानासोंना भीती वाटली, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. निदान चष्म्याचा पिच्छा सुटला.

औषधानं डावा हात चालताना पुन्हा हलू लागला. रंगाचं मात्र अजून काही खरं नव्हतं. पुढच्या काहिलीला सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. नानासोंनी पाकाकडं पाहिलं, घसा खाकरला.

"वाटीत पानी आन."

बनुबाई वाटी भरूनच उभ्या होत्या. नानासोंनी थेंब पाण्यात वळून पाहिला. थांबले. पुन्हा वळला.

"उतरा."

गूळ निवायला वाफ्यात ओतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "रंग कसा हाय गं?"

"लय झकास, पिवळाधमक," बनुबाई म्हणाल्या, आणि नानासो निवांत चहा प्यायला बसले.