अबोला

आमच्या श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी तयारीची उपासना असते. ज्यांचं कुणाशी बिनसलंय त्यांनी त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत हात हातात घ्यायचा, 'सलाम' म्हणायचं, मिटवायचं. मगच रविवारी भाकर आणि प्याला. नियम चांगलाच आहे. मला मात्र त्याने वात आणला होता.

कारण दोन वर्षं मी प्रभुभोजन घेतलं नव्हतं. लोक भाकर घ्यायला मेजाकडे निघाले की मी बाकावर बसून राहायची. माझी लेक सुवार्ता डेंग्यूने गेली, ऐन एकोणिसाव्या वर्षी. सगळ्या मंडळीने उपास धरला होता, मी दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून होते. ती गेली त्या दिवसापासून मी देवाशी चकार शब्द बोलले नाही. तरी दर रविवारी चर्चला जायची. मी आलेय आणि बोलत नाहीये, हे त्याला दिसायला नको?

लोकांनी आपलं ठरवून टाकलं, की माझं धाकट्या जावेशी, रिबेकाशी वाकडं आहे. सुवार्ताच्या मातीच्या दिवशी रिबेका बोलून गेली होती, "देवाला फूल आवडलं, त्यानं खुडून नेलं." तेव्हा मी तिच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं म्हणे.

त्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी आधी रिबेकाला पुढे बोलावलं, मग मला. ती रडतच आली. "आक्का, माझं चुकलं. मी तसं बोलाया नको हुतं. माफ करा." पाळकसाहेबांनी आमचे हात एकमेकींच्या हातात दिलेसुद्धा. सगळे कौतुकाने बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, तुझ्यावर कुठं राग हाय माझा? तू वेडंवाकडं का हुईना, बोललीस तरी. त्यानं तोंड उघडलं का?"

"कुणी, बाई?" पाळकसाहेब गोंधळले.

मी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. "ह्यानं! का रं गप बसलास? तुझा लेक मेला तर तिसऱ्या दिवशी उठवलास. माझ्या पोरीनं काय घोडं मारलं हुतं तुझं? मी काय सोनं-नाणं मागितलं हुतं? दोन वर्षं मी तुझ्याशी बोलत न्हाई, तुला पत्ता तरी हाय का?"

"बसवा तिला खाली! ही देवाची निंदा हाय," मंडळीचे पंच सूर्यभान ओरडले. पाळकसाहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं. घसा बसेपर्यंत मी बोलत राहिले. रिबेकाने माझा हात सोडला नाही.

रविवारी मेजाकडे निघालेल्यांत मीही उठले. सूर्यभान आडवे आले, तर त्यांना बाजूला सारून पुढे गेले. पाळकसाहेबांनी भाकरीची थाळी हातातच धरून हळू आवाजात विचारलं, "बाई, मिटलं का त्याच्याशी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "न्हाई मिटलं," मी म्हणाले.

"मग?"

"अबोला सुटलाय. शुक्रवारपासून भांडतेय त्याच्याशी. सैपाक करताना, धुणं धुताना, सारखी."

मागे रांग खोळंबली होती. पाळकसाहेबांनी थाळी माझ्यापुढे केली.

मी तुकडा उचलला. "माझं बोलून झालेलं न्हाई अजून," मी देवाला सांगितलं, आणि भाकर तोंडात घातली.